लॉजचें दार आणि कायदेमंडळाचें दार

(गांवच्या वाचनालयांत नव्या मंडळाच्या पहिल्या सभेपुढें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



आज आपण येथें कशाकरितां जमलों आहों हें सर्वांस ठाऊक आहे. गांवांतील तरुणांनीं एक मंडळ काढण्याचें ठरविलें, आणि नियमांचा मसुदा आमच्याकडे आणून दिला. शुद्धलेखन तेवढें पाहून द्या, इतकेंच काम होतें. पहिलीं दोन कलमें ठीक होतीं. तिसऱ्यापाशीं आमची लेखणी अडली. त्यांत लिहिलें आहे कीं, नवा सभासद घेतांना एकाही जुन्या सभासदाची हरकत असतां कामा नये, आणि हरकतीचें कारण कोणीं विचारूं नये. मसुदा लिहिणारांचा हेतु वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. मंडळांत भांडणें नकोत, एवढेंच त्यांच्या मनांत असावें. हें कलम सुचलें कोठून असें विचारतांच एकजण म्हणाला, "गुरुजी, शहरांतल्या मोठ्या क्लबांत असाच नियम असतो. सगळे पुढारी तिथलेच सभासद."

आमचे सुतार आबा त्या वेळीं ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "मास्तर, पुढारी कुठल्या क्लबांत बसतो ह्याच्याशीं आपल्याला काय करायचंय? त्यानं रस्ता केला म्हणजे झालं."

आबांचा प्रश्न टाकाऊ नाहीं. त्याचेंच उत्तर देण्याकरितां आम्ही आज उभे आहों. उत्तर मात्र दूरचें, अमेरिकेंतलें आहे. तिकडे पुढाऱ्यांनीं बंधुमंडळांत शिरण्याची रीत फार जुनी, आणि तिच्यापासून काय भलें झालें, काय वाईट झालें, तें कागदोपत्रीं नमूद आहे. परक्याच्या शेतांतलें तण पाहून आपलें शेत राखावें, त्यांत कमीपणा नाहीं.

अमेरिका म्हणजे अनेक संस्थानांचा मिळून एक देश. संस्थान म्हणजे राजाचें नव्हे. आपल्या राज्यासारखा प्रांत. प्रत्येकाला स्वतःचा गव्हर्नर आणि स्वतःचें कायदेमंडळ. ह्या मंडळांतले सभासद, गव्हर्नर, न्यायाधीश, फौजदार, ह्यांपैकीं पुष्कळ लोक रात्रीं एका बंद खोलींत एकमेकांस "बंधु" म्हणत बसत. त्या खोलीला लॉज म्हणतात. अशा मंडळांत सर्वांत जुनें आणि नांवाजलेलें म्हणजे फ्रीमेसन लोकांचें.

आतां मेसन म्हणजे कोण? मेसन म्हणजे गवंडी! विलायतेंत मोठमोठीं देवळें बांधणाऱ्या पाथरवटांच्या ज्या जुन्या मंडळ्या होत्या, त्यांच्या रिवाजावर हें सर्व उभारलेलें. अजूनहि त्यांच्या सभेंत कातड्याचा एप्रन बांधतात, गुण्या, ओळंबा आणि कंपास हीं त्यांचीं पवित्र चिन्हें. १७१७ सालीं लंडनांत चार लॉजांनीं मिळून वडील लॉज स्थापन केली, आणि तोंवर उमराव, वकील, सावकार असे लोक आंत शिरूं लागले होते. गवंड्याचीं हत्यारें राहिलीं, गवंडी मात्र हळूहळू बाहेर गेला. येथें समोर आमचे दोन गवंडी बंधु बसले आहेत. गुण्या काटकोनांत आहे कीं नाहीं हें त्यांना जेवढें कळतें तेवढें त्या लाटसाहेबांना कळत असेल काय, ह्याची आम्हांस शंका आहे.

सभासद घेण्याची रीत ऐका. नांव सुचविलें म्हणजे एक पेटी फिरवितात. प्रत्येकानें तींत गुपचूप एक गोळी टाकावयाची. होकार असल्यास पांढरी, नकार असल्यास काळी. कित्येक लॉजांत एक काळी गोळी निघाली तरी माणूस बाहेर. कोणीं टाकली, कां टाकली, विचारावयाचें नाहीं. आपलें तिसरें कलम कोठून आलें तें आतां कळलें असेल.

अशा बंद दारानें काय होतें, तें न्यूयॉर्क संस्थानांत १८२६ सालीं दिसून आलें. बटेव्हिया गांवीं विल्यम मॉर्गन नांवाचा एक मनुष्य राहत असे. तो फ्रीमेसनांचीं गुपितें छापून काढणार अशी बातमी फुटली. सप्टेंबर महिन्यांत त्याला तीन डॉलरसुद्धां नसलेल्या एका कर्जापायीं तुरुंगांत घातलें. मग कोणीतरी तें कर्ज भरून त्याला सोडविलें, आणि दाराबाहेर येतांच गाडींत कोंबून नायगरा किल्ल्याकडे नेलें. तेथून पुढें तो कोणाच्या दृष्टीस पडला नाहीं. तपास करणार कोण? नायगरा परगण्याचा शेरीफ, म्हणजे तिकडला फौजदार, स्वतः फ्रीमेसन, आणि पळवून नेण्याच्या कामांत तोच सामील. पुढें त्याला शिक्षा झाली, परंतु ह्या सर्व प्रकरणांत ज्यांना शिक्षा झाल्या त्या अपहरणाच्या, आणि हलक्या. गव्हर्नर डीविट क्लिंटन हे तर पूर्वीं त्या संस्थानच्या वडील लॉजचे मुख्य होते. त्यांनीं माहिती देणारास बक्षीस लावलें, हें त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. परंतु शेतकऱ्यांचा विश्वास उडाला तो उडालाच. पंचांत कोण, कोर्टांत कोण, चावडींत कोण, जो तो आपापल्या बंधूचा! आबा, तुमच्या प्रश्नाचें हें पहिलें उत्तर. रस्ता झाला तर ठीकच. पण त्या रस्त्यावरून एखाद्याला उचलून नेलें, तर फिर्याद कोणाकडे करावयाची?

ह्या संतापांतून एक नवा पक्षच निघाला. त्याचें नांव "फ्रीमेसनविरोधी पक्ष". व्हर्मांट संस्थानांत त्याचा गव्हर्नर १८३१ पासून चार वर्षें होता, पेनसिल्व्हेनियांत १८३५ सालीं निवडून आला. १८३२ च्या अध्यक्षाच्या निवडणुकींत गंमत अशी कीं, जॅक्सन हे टेनेसीच्या वडील लॉजचे माजी मुख्य, त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले हेन्री क्ले हे केंटकीच्या लॉजचे माजी मुख्य, आणि विरोधी पक्षानें जो उमेदवार दिला तो विल्यम वर्ट, तोसुद्धां एके काळचा फ्रीमेसन! माणूस मिळेनासा झाला म्हणजे असें होतें. हेन्री क्ले हें नांव लक्षांत ठेवा, तें पुन्हां येणार आहे.

त्या पक्षाचे पुष्कळ लोक नुसते आरडाओरडा करणारे होते. परंतु त्यांतला एक मनुष्य आम्हां शिक्षकांना विसरतां येत नाहीं. थॅडियस स्टीव्हन्स. गरीब घरचा, जन्मतः पाय अधू, आईनें कष्टानें शिकविलेला. पेनसिल्व्हेनियाच्या कायदेमंडळांत तो ह्या पक्षातर्फे गेला. १८३४ सालीं तेथें सर्व मुलांना मोफत शाळेचा कायदा झाला होता. दुसऱ्याच वर्षीं, कर वाढतो म्हणून, तो रद्द करण्याची खटपट जोरांत आली. स्टीव्हन्स उभा राहिला, बोलला, आणि कायदा वांचला. तारीख ११ एप्रिल १८३५. लॉजच्या चौकशीचा त्याचा खटाटोप मात्र फुकट गेला. बोलाविलेल्या बड्या साक्षीदारांनीं तोंड उघडण्याचें नाकारलें. आम्हांला वाटतें, बंद दारें फोडण्यांत त्याला जें साधलें नाहीं तें शाळेचें दार उघडें ठेवण्यांत साधलें.

आतां कोणी म्हणेल, मग मंडळें काढूंच नयेत कीं काय? तसें नव्हे. शेतकऱ्यांचेंच उदाहरण घ्या. १८६७ सालीं ऑलिव्हर केली वगैरे मंडळींनीं "ग्रेंज" नांवाचें शेतकऱ्यांचें बंधुमंडळ काढलें. विधि, पदव्या, खुणेचे शब्द सगळें फ्रीमेसनांच्या धर्तीवर. फरक एवढाच कीं बायकांना पहिल्यापासून सभासदत्व आणि मत. सभेंत पक्षाचें राजकारण बोलावयाचें नाहीं असा नियम. परंतु शेतकरी एकत्र बसला, आगगाडी कंपनी धान्याच्या वाहतुकीला किती घेते, कोठाराचा मालक किती कापतो, ह्याचे आंकडे शेजाऱ्याशीं ताडून पाहूं लागला, म्हणजे दाराबाहेर येऊन तो मत कोणाला देईल हें सांगावयास नको. इलिनॉय संस्थानानें १८७१ सालीं कोठारांच्या दरांवर कायद्याची लगाम घातली, आणि १८७७ सालीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. विस्कॉन्सिनांत ग्रेंजचे विल्यम टेलर हे शेतकरी १८७४ सालीं गव्हर्नर झाले. दोष सांगावयाचा तर दक्षिणेकडे ह्या मंडळाचें दार काळ्या शेतकऱ्याला बहुतेक बंदच होतें.

आणि खरी गोष्ट आतांच सुरू होते.

बॉस्टन शहरीं प्रिन्स हॉल नांवाचा एक काळा मनुष्य होता, चामड्याचें काम करणारा. गोऱ्यांच्या लॉजांनीं त्याला घेतलें नाहीं. १७७५ च्या सुमारास तेथें तळ ठोकून असलेल्या एका आयरिश पलटणीच्या लॉजनें त्याला आणि त्याच्या चौदा सोबत्यांना दीक्षा दिली, आणि पुढें विलायतेच्या वडील लॉजकडून त्यांनीं स्वतंत्र सनद मिळविली. सनद १७८४ ची. हातीं पडली १७८७ त. ह्या लोकांनीं त्या मंडळाचा उपयोग कसा केला पहा. त्यांना कायदेमंडळांत पाऊल ठेवतां येत नव्हतें, म्हणून कायदेमंडळाकडे अर्ज लिहूं लागले. १७८७ सालीं मागितलें कीं, आम्ही कर देतों, आमच्या मुलांना शाळा द्या. नाकारलें. १७८८ सालीं बॉस्टनच्या तीन स्वतंत्र काळ्या माणसांना फसवून जहाजावर चढवून विकावयास नेलें, तेव्हां ह्यांनीं पुन्हां अर्ज केला. त्याच वर्षीं मॅसॅच्युसेट्सनें गुलामांचा व्यापार बंद करण्याचा कायदा केला, आणि ते तिघे परत आले.

ह्याच मंडळाचा पुढें मुख्य झालेला गृहस्थ लुइस हेडन. त्याच्याबद्दल आम्ही जरा सविस्तर बोलूं, कंटाळूं नका.

हेडन केंटकी संस्थानांत गुलाम म्हणून जन्मला. त्याचा धनी ख्रिस्ती धर्मोपदेशक होता. त्यानें लुइसच्या भावंडांचा लिलाव केला, आणि लुइसला गाडीच्या दोन घोड्यांच्या बदल्यांत दिला. बैलबाजार आम्ही सर्वांनीं पाहिला आहे. बैलाचे दांत कसे बघतात, किंमत रुमालाखालीं बोटांनीं कशी ठरते, तें सांगण्याची जरूर नाहीं. तेथें बैलाच्या जागीं दहा-बारा वर्षांचें पोर उभें आहे असें मनांत आणा. पुढें त्याचें लग्न झालें, मूल झालें. हेडननें स्वतः सांगून ठेवलें आहे कीं, त्याची ही पहिली बायको एस्तर आणि मूल हेन्री क्ले ह्यांच्या मालकीला गेलीं, आणि क्लेनीं त्यांना दक्षिणेंत विकून टाकलें. पुन्हां तीं दोघें त्याला दिसलीं नाहींत. हेन्री क्ले म्हणजे तेच, ज्यांचें नांव आम्हीं लक्षांत ठेवावयास सांगितलें होतें. केंटकीच्या कायदेमंडळाचे सभापति, मग देशाचे मोठे मुत्सद्दी, आणि केंटकीच्या बंधुमंडळाचे मुख्य बंधु!

१८४४ सालीं हेडन दुसऱ्या बायकोसह, हॅरिएटसह, आणि मुलासह पळाला. केल्विन फेअरबँक आणि डेलिया वेब्स्टर ह्या दोन गोऱ्या माणसांनीं गाडींतून त्यांना सीमेपार केलें. फेअरबँकला त्यापायीं पंधरा वर्षांची सजा झाली. हेडननें पुढें बॉस्टनमध्यें लोकांकडून वर्गणी जमवून पैसे भरले, तेव्हां १८४९ सालीं तो सुटला. ऋण असें फेडतात.

बॉस्टनमध्यें हेडननें कपड्याचें दुकान काढलें. घर मात्र पळून आलेल्या गुलामांची धर्मशाळा. १८५० च्या नव्या कायद्यानें पळालेल्या गुलामाला उत्तरेंतूनहि पकडून नेतां येऊं लागलें. विल्यम आणि एलेन क्राफ्ट हें जोडपें हेडनच्या घरीं लपलें होतें, तेव्हां पकडावयास येणारांना त्यानें कळविलें कीं, घरांत दारूचीं पिंपें भरून ठेवलीं आहेत, पाऊल टाकाल तर घरासकट उडवून देईन. ही दारू प्यावयाची नव्हे हो, तोफेची! कोणी आंत आलें नाहीं. १८५१ सालीं शॅड्रॅक मिंकिन्स ह्या गुलामाला भर कोर्टांतून सोडवून नेणाऱ्या जमावांतहि हेडन होता. खटला झाला, पंचांचें एकमत होईना, सुटला.

नंतर १८५८ च्या सुमारास त्याला मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी कचेरींत नोकरी मिळाली. नोकरी काय, तर सेक्रेटरीच्या दारावरचा निरोप्या. आपल्याकडला पट्टेवाला. त्याच इमारतींत कायदेमंडळ भरे. दिवसा तो दाराशीं उभा राही, आणि रात्रीं आपल्या लॉजमध्यें अध्यक्षाच्या खुर्चींत बसे. तेथें इतिवृत्त लिहावयाचें, वर्गणीचा हिशेब द्यावयाचा, ठरावाला दुरुस्ती सुचवावयाची, आजारी बंधूला आणि मेलेल्या बंधूच्या बायकोला मदत पोंचवावयाची. ज्याला कोणत्याहि सभेंत बसूं दिलें नव्हतें, तो सभा चालवावयास तेथें शिकला. आम्ही शिक्षणाच्या धंद्यांत असल्यामुळें आम्हांला ही शाळा फार मोठी वाटते.

२७ डिसेंबर १८६५ रोजीं, गुलामगिरी देशभर कायद्यानें बंद झाल्याला तीन आठवडे होत असतां, हेडननें आपल्या लॉजपुढें भाषण केलें. तें पुढल्या वर्षीं छापलें. भाषणाचें नांवच "मेसनांतील जातिभेद"! ज्या शब्दानें आपल्याकडलें दुखणें इंग्रजींत सांगतात तोच शब्द त्यानें आपल्या दुखण्याला लावला. सर्व मनुष्यें भाऊ असें शपथेवर म्हणणारे गोरे मेसन, काळ्या मेसनाला भाऊ म्हणेनात, हें त्याचें गाऱ्हाणें. पुढें त्यानें आणि इतरांनीं गोऱ्यांच्या वडील लॉजकडे अर्जहि केला. मान्य झाला नाहीं.

लॉजचें दार उघडलें नाहीं, पण कायदेमंडळाचें उघडलें. १८७३ सालीं लुइस हेडन, दोन घोड्यांना दिलेला पोरगा, दारावरचा निरोप्या, त्याच इमारतींत बॉस्टनचा लोकप्रतिनिधि म्हणून आंत जाऊन बसला. त्याच १८७३ सालीं पुण्यास जोतीराव फुल्यांनीं "गुलामगिरी" छापली, आणि काळ्यांना गुलामींतून सोडविणाऱ्या अमेरिकन लोकांना ती अर्पण केली. त्याच सालच्या २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज निघाला. दोघांना एकमेकांचें नांव ठाऊक असावें असें मानण्यास आधार नाहीं. समाज काढणारे जोतीराव पुढें १८७६ सालीं पुणें नगरपालिकेचे सभासद झाले, हेंहि येथें आठवल्याशिवाय राहत नाहीं.

हेडन १८८९ सालीं वारला. आदल्याच वर्षीं, बॉस्टनच्या मैदानावर, १७७० सालीं इंग्रज शिपायांच्या गोळीनें पडलेल्या काळ्या क्रिस्पस ॲटक्सचें स्मारक उभें राहिलें. त्यासाठीं हेडन वर्षानुवर्षें झगडला होता. हॅरिएटनें मरतांना घरची शिल्लक काळ्या विद्यार्थ्यांना वैद्यकी शिकण्यासाठीं हार्वर्डला ठेवली. आणि गोऱ्यांच्या लॉजांनीं काळ्यांच्या लॉजांना भाऊ म्हणण्यास आरंभ केला तो कनेक्टिकट संस्थानांत, १९८९ सालीं. हेडनच्या मरणानंतर बरोबर शंभर वर्षांनीं. काळी गोळी शंभर वर्षें टिकते.

दक्षिणेंतली एक हकीकत सांगून पुरें करूं. मिसिसिपी संस्थानांत थॉमस स्ट्रिंगर नांवाचा काळा धर्मोपदेशक युद्धानंतर गेला. त्यानें व्हिक्सबर्गला प्रिन्स हॉलच्या परंपरेंतली लॉज काढली, १८६८ च्या घटनासभेंत बसला, मग संस्थानच्या सिनेटांत निवडून आला. परंतु १८७५ च्या निवडणुकींत बंदुकांच्या जोरावर काळ्यांना मतापासून हांकललें, आणि १८९० सालीं नवी घटनाच अशी केली कीं, मत द्यावयाचें तर कर भरा, आणि घटनेचें कलम वाचून दाखवा किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगा. परीक्षा घेणारा गोरा कारकून. आम्हीहि परीक्षा घेतों. नापास ठरवून मग प्रश्न काढण्याची पद्धत मात्र आमच्या शाळेंत नाहीं. अशा वेळीं काळ्या माणसाला मत देतां येईल, अध्यक्ष निवडतां येईल, हिशेब विचारतां येईल, अशा जागा फार थोड्या उरल्या. देऊळ ही एक, लॉज ही दुसरी. स्ट्रिंगरनें १८८० सालीं दुसरेंहि एक बंधुमंडळ काळ्यांसाठीं उभें केलें, कारण त्या नांवाच्या गोऱ्या मंडळानें त्यांना घेतलें नव्हतें. आणि पुढें पाऊणशें वर्षांनीं, जॅक्सन शहरीं स्ट्रिंगरच्याच नांवाच्या वडील लॉजची जी इमारत, तींत मेडगर एव्हर्स ह्या कार्यकर्त्याची कचेरी होती. मतदारांच्या नोंदणीसाठीं तो गांवोगांव हिंडे. १९६३ च्या जूनमध्यें त्याच्या घराच्या दाराशीं त्याला गोळी घातली. त्याच लॉजच्या सभागृहांत त्याचें शेवटचें दर्शन लोकांनीं घेतलें.

तर आबा, पुढारी कोणत्या मंडळांत बसतो हें विचारावें. पण त्याच्या मागून आणखी विचारावें कीं, त्या मंडळांत मी येऊं शकतों काय, आणि नाहीं म्हटलें तर कां तें मला सांगतील काय.

आम्हीं मसुद्यांत तिसऱ्या कलमावर काट मारलेली नाहीं. तो अधिकार आमचा नाहीं, सभेचा आहे. समासांत पेन्सिलीनें दुसरें कलम सुचविलें आहे तेवढें वाचतों: "गांवांतील कोणाहि प्रौढ स्त्रीपुरुषास सभासद होतां येईल. कोणाची हरकत असल्यास त्यानें ती उघड सभेंत कारणासह सांगावी, आणि ती इतिवृत्तांत लिहून ठेवावी." इतिवृत्ताची वही नवी आहे, पहिलें पान कोरें आहे. कोणास कांहीं बोलावयाचें असल्यास अध्यक्षांनीं त्यांना आधीं वेळ द्यावा. मागें कुंभारवाड्यांतल्या आक्का बऱ्याच वेळापासून हात वर करून उभ्या आहेत.